डेबियन १२: ठरावीक पानांवर आलं की ओक्युलर बंद पडतं

निळा_सरडा

डेबियन १२ (लिनक्स), प्लाझ्मा ५.२७ डेस्कटॉप, ओक्युलर २२.१२.३ (पीडीएफ वाचायचा प्रोग्राम), रॅम १६ जीबी. ३१२ पानांचं एक जुनं मराठी पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केलेलं आहे, फाइल ३८ एमबीची. पहिली तेरा पानं व्यवस्थित दिसतात, चौदाव्या पानावर गेलं की खिडकी गायब. त्यानंतर तर फाइल उघडतच नाही, डबल क्लिक केलं की क्षणभर चौकट दिसते आणि जाते. टर्मिनलमधून चालवलं तर ‘केक्रॅश: ॲप्लिकेशन ओक्युलर क्रॅशिंग’ एवढीच ओळ येते.

करून पाहिलेलं:
– ओक्युलर ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेने) पुन्हा टाकलं. फरक नाही.
– ~/.कॉन्फिग मधल्या ओक्युलरआरसी आणि ओक्युलरपार्टआरसी बाजूला केल्या. फरक नाही.
– नवा युजर बनवून त्यात उघडलं. तिथेही पान १४ वर तेच.
– एक्स११ आणि वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायच्या दोन व्यवस्था), दोन्हीत सारखंच.
– बाकीच्या पीडीएफ नीट उघडतात. हीच फाइल फायरफॉक्समध्ये शेवटपर्यंत दिसते.

फायरफॉक्सला जमतं म्हणजे फाइल ठीक आहे असं धरायचं का? आणि आता फाइल उघडतासुद्धा का येत नाही?

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. उत्तरांतही तसंच चालेल, टर्मिनलमध्ये रोमनमध्ये टाकून घेईन.)

---

टर्मिनल_काका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, ते आधी. ओक्युलर प्रत्येक फाइलसाठी शेवटचं पान लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी थेट तिथेच उघडतं. तुमचं शेवटचं पान १४, म्हणून उघडता क्षणीच पडतं. ही नोंद इथे असते:

~/.लोकल/शेअर/ओक्युलर/डॉकडेटा/

आत प्रत्येक पुस्तकाची एक एक्सएमएल फाइल असते, नाव ‘फाइलचा आकार बाइटमध्ये, टिंब, फाइलचं नाव, .एक्सएमएल’ अशा धर्तीचं. फक्त त्या पुस्तकाची एक्सएमएल बाजूला हलवा. अख्खा फोल्डर उडवू नका, बाकीच्या पुस्तकांचे बुकमार्क त्यातच असतात. एवढंही नको असेल तर पीडीएफचं नाव बदला, नवीन नावाला जुनी नोंद लागत नाही. किंवा

ओक्युलर -पी १ पुस्तक.पीडीएफ

असं म्हणून पहिल्या पानावर उघडा.

आता मूळ दुखणं. ‘बंद पडतं’ या एका शब्दात चार-पाच वेगवेगळे आजार असतात, त्यामुळे आधी प्रोग्राम कसा मेला ते पाहा. केडीईचा (ओक्युलर ज्या प्रकल्पातलं आहे त्याचा) स्वतःचा क्रॅश हाताळणारा भाग मध्ये येतो आणि खरा कोड झाकतो, म्हणून तो बंद करून चालवा:

केडीई_डीबग=१ ओक्युलर -पी १४ पुस्तक.पीडीएफ
एको $?

(केडीई_डीबग ही दोन्ही मोठ्या अक्षरांत.) येणारा आकडा असा वाचायचा, १२८ वजा केले की सिग्नलचा क्रमांक उरतो:

१३९ – सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रामने किंवा त्याच्या एखाद्या लायब्ररीने स्वतःची नसलेली मेमरी चाचपली.
१३४ – सिग्नल ६, अबॉर्ट. कोडनेच ‘हे अशक्य आहे’ म्हणून हात टेकले. याच्या आधी टर्मिनलमध्ये बहुधा कारण छापलेलं असतं, वर स्क्रोल करून वाचा.
१३७ – सिग्नल ९. हा क्रॅशच नाही, बाहेरून कोणी तरी मारलंय. बहुतेक वेळा मेमरी संपल्यावर कर्नल मारतो.
१३२ – सिग्नल ४. प्रोसेसरला न कळणारी सूचना. दुसऱ्या मशिनवर ‘नेटिव्ह’ पर्याय लावून कंपाइल केलेली वस्तू इथे आणली की हे दिसतं.
१२७ – प्रोग्राम नीट सुरूच झाला नाही, लायब्ररीतलं एखादं नाव सापडलं नाही. उबुंटूवर व्हीएस कोड स्नॅपमधून घेतलेला असेल आणि त्याच्या टर्मिनलमधून एव्हिन्स (ग्नोमचा पीडीएफ वाचक) चालवलं तर हा हमखास भेटतो, कारण जीटीके_पाथ स्नॅपच्या फोल्डरकडे वळवलेला असतो. अनसेट जीटीके_पाथ केलं की सुटतं. तुमचा प्रकार हा दिसत नाही.

त्यानंतर ओक्युलर पूर्ण बाजूला ठेवा. ओक्युलर स्वतः पीडीएफ वाचत नाही, ते काम पॉप्लर ही लायब्ररी करते, आणि पान रंगवायला तिचं स्प्लॅश नावाचं इंजिन वापरते. पीडीएफच्या पानांची चित्रं काढणारी आज्ञा पीडीएफटूपीपीएम हेच इंजिन वापरते (पीडीएफटूकैरो आणि एव्हिन्स मात्र कैरो या दुसऱ्या इंजिनावर चालतात). म्हणून खिडकीशिवाय तपासायला पीडीएफटूपीपीएम बरोबर. पॉप्लर-युटिल्स हे पॅकेज लागेल:

फॉर पी इन $(सेक १ ३१२); डू पीडीएफटूपीपीएम -एफ $पी -एल $पी -आर ३६ पुस्तक.पीडीएफ > /डेव्ह/नल २>/डेव्ह/नल || एको $पी; डन

नुसतं पडणाऱ्या पानांचे क्रमांक छापले जातील. सोबत

पीडीएफइमेजेस -लिस्ट पुस्तक.पीडीएफ

याच्या ‘ईएनसी’ रकान्यात (चित्र कोणत्या पद्धतीने साठवलंय ते) त्या पानांसमोर काय आहे तेही इथे द्या.

फायरफॉक्सबद्दल: तो पॉप्लर वापरत नाही, पीडीएफ.जेएस हा त्याचा स्वतःचा वाचक आहे. त्याला फाइल दिसली यावरून फाइल साधारण धड आहे एवढंच कळतं. पॉप्लरच्या बाजूला काय चाललंय त्याबद्दल काहीच नाही.

---

जय_पेंग्विन

एवढं कशाला? ओक्युलर पर्ज करा, रीबूट, परत टाका. नाही झालं तर ग्राफिक्स ड्रायव्हर बघा, माझ्या मते एनव्हिडियाचाच घोळ असणार. शेवटचा उपाय लिनक्स मिंट.

---

टर्मिनल_काका

पर्जने होम फोल्डरमधलं काही जात नाही आणि त्यांनी नवा युजर करून ती शक्यता आधीच निकालात काढलीय. पुन्हा टाकणंही झालंय. ड्रायव्हरचं म्हणाल तर पानाचं चित्र स्प्लॅश प्रोसेसरवर बनवतं, ग्राफिक्स कार्डाकडे तयार चित्र जातं. ठरावीक पानावरच पडणं आणि एक्स११, वेलँड दोन्हीत सारखं पडणं हे ड्रायव्हरचं लक्षण नव्हे. पीडीएफटूपीपीएमला तर खिडकीच नसते. तेही पडलं तर ड्रायव्हरचा विषय संपला.

---

निळा_सरडा

-पी १ ने फाइल उघडली, धन्यवाद. बाकीचं असं:

एको $? ने १३९ दिलं.

लूपने छापलेली पानं: १४, १५, ९८, २०१. म्हणजे पीडीएफटूपीपीएमसुद्धा पडतं.

पीडीएफइमेजेसच्या यादीत जवळजवळ सगळ्या पानांसमोर जेबिग२ (काळ्या-पांढऱ्या चित्रांची पद्धत) आहे, मुखपृष्ठासमोर जेपीईजी. १४, १५, ९८ आणि २०१ समोर जेपीएक्स. ही चारही पानं रंगीत चित्रांची आहेत, रुंदी-उंची ४९६० × ७०१६.

क्यूपीडीएफ --चेक केलं, एकही तक्रार नाही. म्युटूल ड्रॉने (म्युपीडीएफ या दुसऱ्या वाचकाच्या आज्ञेने) पान १४ काढायला गेलो तर तेही सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडलं! म्युपीडीएफ तर पॉप्लर वापरत नाही ना? मग फाइलच खराब असणार असं आता वाटतंय.

---

कंपाइल_पंडित

थांबा, फाइलला दोष देऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीत उत्तर जवळजवळ आलेलं आहे.

जेपीएक्स म्हणजे जेपीईजी २०००. पीडीएफच्या आत या प्रकारचं चित्र असलं की पॉप्लर ते स्वतः उलगडत नाही, ओपनजेपीईजी लायब्ररीकडे देतं. डेबियनमधलं म्युपीडीएफही त्याच लायब्ररीकडे जातं. पीडीएफ बनवणारा-बदलणारा घोस्टस्क्रिप्टसुद्धा. तीन वेगळे प्रोग्राम, पण जेपीईजी २००० च्या बाबतीत तिघांची चूल एकच. फायरफॉक्सचा डिकोडर त्याच्या पोटातच असतो, म्हणून तो एकटा वाचला. चार पडणारी पानं आणि चार जेपीएक्स पानं तंतोतंत जुळतात, त्यामुळे संशय थेट लिबओपनजेपी२ वर, म्हणजे ओपनजेपीईजीच्या लायब्ररी फाइलवर जातो.

क्यूपीडीएफचा कौल इथे कामाचा नाही. तो फाइलची रचना तपासतो, म्हणजे ऑब्जेक्टची सारणी, लांबी, संदर्भ वगैरे. जेपीएक्सच्या आत तो डोकावत नाही. तक्रार नाही म्हणजे डाउनलोड अर्धवट नाही आणि सांगाडा शाबूत आहे, इतकंच.

आता डेबियन १२ ची लिबओपनजेपी२-७ आवृत्ती २.५.०. साध्या स्कॅनवर ती अशी उताणी पडत नाही. म्हणून माझा अंदाज: तुमच्या मशिनवर दुसरीच कुठली तरी लायब्ररी आधी उचलली जातेय. हे ओक्युलरवर एलडीडी (प्रोग्राम कोणत्या लायब्रऱ्या उचलतो ते दाखवणारी आज्ञा) चालवून दिसणार नाही, लोक इथेच फसतात. ओक्युलरच्या मुख्य फाइलला पॉप्लर जोडलेलंच नसतं, पीडीएफचा भाग प्लगइन म्हणून नंतर लोड होतो. एलडीडी त्या प्लगइनवर चालवायचं:

एलडीडी /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/क्यूटी५/प्लगइन्स/ओक्युलर/जनरेटर्स/ओक्युलरजनरेटर_पॉप्लर.एसओ | ग्रेप ओपनजेपी

(‘जनरेटर_पॉप्लर’ मधला जी मोठा आहे.) सोबत

एलडीकॉन्फिग -पी | ग्रेप ओपनजेपी

ही सिस्टीमला माहीत असलेल्या लायब्रऱ्यांची यादी दाखवते. साध्या युजरला ही आज्ञा सापडली नाही तर /एसबिन/एलडीकॉन्फिग असा पूर्ण मार्ग द्या. दोन ओळी आल्या तर जी वर आहे ती आधी वापरली जाते.

मग जीडीबी (पडणारा प्रोग्राम तपासायचं साधन):

जीडीबी --आर्ग्ज पीडीएफटूपीपीएम -एफ १४ -एल १४ पुस्तक.पीडीएफ /टीएमपी/पान

आत ‘रन’, पडलं की ‘बीटी’ (बॅकट्रेस, म्हणजे पडताना कोणतं फंक्शन कोणी बोलावलं होतं त्याची यादी, तिची एकेक ओळ म्हणजे चौकट), आणि मग ‘इन्फो शेअर्डलायब्ररी ओपनजेपी’. शेवटची आज्ञा महत्त्वाची आहे, कारण बॅकट्रेसमध्ये लायब्ररी कुठल्या फोल्डरातून आली ते दर वेळी दिसेलच असं नाही. ‘सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑन’ केलं आणि डीबगइन्फोडी_यूआरएल्स मध्ये डेबियनचा सर्व्हर दिलेला असला की डेबियनच्या लायब्रऱ्यांची चिन्हं (फंक्शनची नावं) आपोआप उतरतात. एखाद्या चौकटीत तरीही नुसती प्रश्नचिन्हं राहिली, तर ती वस्तू डेबियनची नाही असा कयास बांधायला हरकत नाही.

---

निळा_सरडा

नेमकं तेच निघालं. एलडीडी:

लिबओपनजेपी२.एसओ.७ => /यूएसआर/लोकल/लिब/लिबओपनजेपी२.एसओ.७

एलडीकॉन्फिगमध्ये दोन ओळी, वर /यूएसआर/लोकल/लिब ची, खाली /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू ची. बॅकट्रेसमध्ये वरच्या पाच-सहा चौकटींत प्रश्नचिन्हं, त्यांच्या खाली ओपीजे_डीकोड आणि मग पॉप्लरची नावं. इन्फो शेअर्डलायब्ररीही लोकलकडेच बोट दाखवते.

/यूएसआर/लोकल/लिब मध्ये लिबओपनजेपी२.एसओ.२.३.१ आहे. मराठी ओसीआरसाठी (चित्रातला मजकूर ओळखण्यासाठी) टेसरॅक्ट आणि त्याला लागणारी लेप्टोनिका लायब्ररी सोर्समधून बांधली तेव्हा त्यांच्यासोबत आलेलं. आता टेसरॅक्ट न मोडता हे कसं काढायचं? आणि डेबियनचं २.५.० असताना २.३.१ का निवडलं जातं? मोठा आकडा जिंकायला हवा ना?

---

कंपाइल_पंडित

आकडा कोणी पाहतच नाही. लोडर फक्त सोनेम (लायब्ररीच्या आत लिहिलेलं तिचं नाव) पाहतो, आणि तो दोन्हींचा ‘लिबओपनजेपी२.एसओ.७’ आहे. २.१ आवृत्तीपासून हा सातच आहे. दोन सारख्या सोनेमच्या फाइल असतील तर कोणता फोल्डर आधी येतो त्यावर ठरतं. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी/ मध्ये पाहा: लिबसी.कॉन्फ मध्ये /यूएसआर/लोकल/लिब, आणि एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.कॉन्फ मध्ये सिस्टीमचे फोल्डर. फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात, एल हा एक्सच्या आधी. म्हणून डेबियनवर /यूएसआर/लोकल/लिब नेहमी जिंकतं. हे मुद्दाम तसं ठेवलंय, स्वतः बांधलेली वस्तू वापरायची सोय म्हणून. त्याचं बिल असं येतं.

पडण्यामागचं तत्त्व: सोनेम सारखा असण्याची हमी एकाच दिशेने असते. जुन्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालेल, ही ती हमी. तुमच्याकडे उलटं आहे. पॉप्लर ओपनजेपीईजी २.५ च्या हेडरवर बांधलंय आणि चालताना त्याला २.३.१ मिळतंय, तेही कुठल्या पर्यायांनी बांधलेलं कोण जाणे. २.३.१ नंतर ओपनजेपीईजीमध्ये मेमरीच्या चुकांच्या बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत. नेमकी कोणती ओळ फुटते हे शोधण्यात वेळ घालवू नका, ती लायब्ररी तशीही सुरक्षेच्या दृष्टीने तिथे असायला नको. ॲप्ट तिला कधीच अद्ययावत करणार नाही, आणि ओक्युलर पुन्हा टाकून काही झालं नाही तेही याचमुळे: ॲप्ट /यूएसआर/लोकलला हात लावत नाही. डीपीकेजी -एस ला तो मार्ग दिला तर कुठलंच पॅकेज सापडलं नाही असं उत्तर येईल.

आधी काहीही न हलवता खात्री:

एलडी_लायब्ररी_पाथ=/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू ओक्युलर -पी १४ पुस्तक.पीडीएफ

पान दिसलं तर निदान पक्कं. पण ही ओळ डेस्कटॉप फाइलमध्ये किंवा .बॅशआरसीत कायमची टाकून मोकळे होऊ नका, इंटरनेटवर हा सल्ला खूप फिरतो. हा व्हेरिएबल तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतो आणि पुढे कधी तरी भलत्याच ठिकाणी कोडं घालतो.

मग काढणं. बिल्ड फोल्डर अजून असेल तर त्यात इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी असेल, सीमेक या बांधणीच्या साधनाने कुठे काय ठेवलं त्याची पूर्ण यादी. आधी वाचा, सगळे मार्ग /यूएसआर/लोकलने सुरू होतात ना ते पाहा, आणि:

सुडो एक्सआर्ग्ज आरएम < इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी
सुडो एलडीकॉन्फिग

बिल्ड फोल्डर नसेल तर हाताने. लिबओपनजेपी२.एसओ, .एसओ.७ आणि .एसओ.२.३.१ या तीनही (पहिल्या दोन म्हणजे दुवे) एका बाजूच्या फोल्डरात हलवा, पण तो फोल्डर /यूएसआर/लोकल/लिबच्या बाहेर असू द्या. त्यानंतर एलडीकॉन्फिग. ते विसरलात तर कॅशमध्ये जुनी नोंद लोंबकळत राहते.

एवढ्यावर थांबू नका. हेडर /यूएसआर/लोकल/इन्क्लूड/ओपनजेपीईजी-२.३ मध्ये, सीमेकच्या फाइली /यूएसआर/लोकल/लिब/ओपनजेपीईजी-२.३ मध्ये, आणि /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग मध्ये लिबओपनजेपी२.पीसी राहिलेली असेल. ती पीसी फाइल राहिली तर पुढच्या वेळी सोर्समधून काही बांधताना जुनेच हेडर उचलले जातील आणि जोडणी नव्या लायब्ररीशी होईल, म्हणजे हाच गोंधळ आरशात.

टेसरॅक्टचं काही मोडणार नाही. लेप्टोनिका ओपनजेपीईजी २.३.१ वर बांधलेली आहे, चालवताना तिला २.५.० मिळेल, ही हमीची बरोबर दिशा. एलडीडी /यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट करून ओपनजेपी समोर ‘नॉट फाउंड’ नाही ना एवढं पाहा. आणि मराठी ओसीआरला सोर्समधून बांधायची गरज आहे का तेही तपासा. डेबियन १२ मध्ये टेसरॅक्ट ५ आहे आणि टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर पॅकेजमध्ये मराठीचा डेटा येतो. स्वतः बांधायचंच असेल तर सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स /ऑप्टखाली स्वतंत्र फोल्डर द्या आणि आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते प्रोग्राममध्येच लिहिणं) लावा, म्हणजे त्या लायब्रऱ्या फक्त त्याच प्रोग्रामला दिसतील.

---

पिवळा_डबा

धागा पळवत नाही, पण प्रकार सारखाच वाटतो. उबुंटू २४.०४, एव्हिन्स, रॅम ४ जीबी. स्कॅन केलेली पीडीएफ भराभर खाली सरकवली की एव्हिन्स जातं. कधी त्यासोबत ब्राउझरही जातो. कोड १३७. /यूएसआर/लोकल/लिब रिकामं आहे.

---

टर्मिनल_काका

तुमचा प्रकार वेगळा. १३७ म्हणजे मेमरी. एव्हिन्स प्रत्येक फाइलसाठी वेगळी प्रोसेस चालवतं, स्वतःच्या क्रॅशने ते ब्राउझरला सोबत नेऊ शकत नाही. दोघं एकदम जातात तेव्हा मारणारा बाहेरचाच.

जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय ‘किल्ड प्रोसेस’
जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-ओओएमडी

पहिल्यात नोंद दिसली तर कर्नलने मारलं. दुसऱ्यात दिसली तर सिस्टमडी-ओओएमडीने, तो उबुंटू डेस्कटॉपवर २२.०४ पासून मुळातच चालू असतो आणि एकेका प्रोसेसऐवजी अख्खा गट उडवतो.

हिशेब करून पाहा म्हणजे नवल वाटणार नाही. ए४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ४९६० × ७०१६, म्हणजे सुमारे ३.४८ कोटी पिक्सेल. पडद्यासाठी पिक्सेलला ४ बाइट धरले तर १३९ एमबी. पण चित्र जेपीएक्स असेल तर ओपनजेपीईजी उलगडताना लाल, हिरवा, निळा यांचा प्रत्येक नमुना ३२ बिटांत ठेवते. पिक्सेलला १२ बाइट, एका पानाला सुमारे ४१८ एमबी, आणि हे फक्त उलगडायला. ३०० डीपीआयला तेच १०४ एमबी होतं. डिस्कवर ते पान ४०० केबीचं असलं तरी हिशेब हाच. ४ जीबीत ब्राउझर उघडा असताना भराभर सरकवलं की गाडं अडणारच.

जीसेटिंग्ज गेट ओआरजी.ग्नोम.एव्हिन्स पेज-कॅश-साइझ पाहा, मुळात ५० (एमबी) असतं. कोणी सल्ला वाचून ५०० वगैरे केलं असेल तर परत ५० करा. हा आकडा तयार पानांच्या साठ्याचा आहे, उलगडतानाच्या मेमरीवर त्याचा ताबा नाही, तेव्हा जादूची अपेक्षा नको. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) किंवा स्वॅप वाढवणं आणि फाइलच ३०० डीपीआयवर आणणं, हे दोन खरे उपाय.

आणि आधीच सांगून ठेवतो: उबुंटूवर एव्हिन्सला ॲपआर्मरचं (प्रोग्रामने कोणत्या फाइली उघडाव्यात ते ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेचं) कुंपण असतं. होमबाहेरच्या एखाद्या विचित्र ठिकाणची फाइल ‘परवानगी नाही’ म्हणून उघडली नाही तर तो क्रॅश समजू नका, जर्नलमध्ये ‘ॲपआर्मर="डिनाइड"’ शोधा. आणखी एक: जीएसके_रेंडरर बदलायचा सल्ला मिळाला तर सोडून द्या. तो व्हेरिएबल जीटीके ४ चा आहे, तुमचं एव्हिन्स जीटीके ३ वर चालतं. ‘पेपर्स’ या नव्या वाचकाला तो लागू पडतो.

---

निळा_सरडा

एलडी_लायब्ररी_पाथ लावून पान १४ दिसलं. मग मॅनिफेस्टने सगळं काढलं, एलडीकॉन्फिग केलं. आता एलडीडी /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू दाखवतं, लूप एकही पान छापत नाही, म्युटूलही चालतं. टेसरॅक्ट शाबूत आहे. पीसी फाइल आणि हेडरही मॅनिफेस्टमधूनच गेले.

एक उरलंय. ती चार पानं दिसायला प्रत्येकी चार-पाच सेकंद लागतात आणि झूम बदललं की परत तेवढाच वेळ. वरचा ४१८ एमबीचा हिशेब मलाही लागू आहे, बरोबर? संपूर्ण फाइल घोस्टस्क्रिप्टमधून काढू का?

---

कंपाइल_पंडित

हो, तोच हिशेब, तुमच्याकडे रॅम आहे म्हणून नुसता वेळ जातो. संपूर्ण फाइल मात्र काढू नका. घोस्टस्क्रिप्टचं पीडीएफराइट जेबिग२ लिहीत नाही, काळी-पांढरी पानं फॅक्सच्या जी४ पद्धतीत बदलतं, आणि तुमची जेबिग२ ची पानं विनाकारण फुगतील. फक्त चार पानं बदला:

जीएस -ओ चित्रे.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -एसपेजलिस्ट=१४,१५,९८,२०१ -डीडाउनसॅम्पलकलरइमेजेस=ट्रू -डीकलरइमेजरिझोल्यूशन=३०० पुस्तक.पीडीएफ

पीडीएफराइट जेपीएक्सही लिहीत नाही, त्यामुळे चित्रं आपोआप जेपीईजीत येतात. पण आकार खरंच उतरला का ते पीडीएफइमेजेस -लिस्ट चित्रे.पीडीएफ करून बघा. घोस्टस्क्रिप्टचा मूळचा उंबरठा दीडपट असतो, म्हणजे ४५० डीपीआयच्या वरची चित्रंच ३०० वर उतरतात. तुमची ६०० ची आहेत, उतरतील. ‘/स्क्रीन’ हा तयार पर्याय वापरू नका, तो ७२ डीपीआयवर नेतो आणि चित्राखालच्या बारीक ओळी वाचता येत नाहीत.

मग जोडणी:

क्यूपीडीएफ पुस्तक.पीडीएफ --पेजेस . १-१३ चित्रे.पीडीएफ १-२ . १६-९७ चित्रे.पीडीएफ ३ . ९९-२०० चित्रे.पीडीएफ ४ . २०२-झेड -- नवे.पीडीएफ

टिंब म्हणजे मूळ फाइल, झेड म्हणजे शेवटचं पान. बाकीची पानं बाइटही न बदलता येतात. त्या चार पानांकडे थेट नेणारे बुकमार्क असतील तर ते चालणार नाहीत, कारण मूळ पानंच राहिली नाहीत. चित्रांच्या पानांवर ओसीआरचा मजकूर असेल तर पीडीएफटूटेक्स्ट -एफ १४ -एल १४ नवे.पीडीएफ - करून देवनागरी जशीच्या तशी येते का पाहा. जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले तर ते पान ओसीआर करून पुन्हा घाला. मूळ फाइल ठेवून द्या, ६०० डीपीआयचं रंगीत स्कॅन परत मिळत नाही.